स्पेसशिप पडद्यावर, वादक समोर : विज्ञानकथा मालिकांच्या लाइव्ह ऑर्केस्ट्रात नेमकं काय होतं?

सिंधुदुर्गातल्या शिरोड्यात कुणालाही विचारा, ऑर्केस्ट्रा बघितलाय का? उत्तर ठरलेलं. देवळाजवळ बांधलेलं स्टेज, दोन गायक, एक गायिका, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, दोन गाण्यांच्या मधे शेरोशायरी टाकणारा निवेदक आणि मागच्या रांगेतून येणाऱ्या फर्माइशी.

आता हाच शब्द घेऊन लंडनला जाऊ. तारीख २७ जुलै २००८. रॉयल अल्बर्ट हॉल. पाच हजारांवर माणसं बसतील असं हे सभागृह १८७१ पासून उभं आहे आणि तिथे 'प्रॉम्स' नावाचा शास्त्रीय संगीताचा मोठा उत्सव भरतो. एरवी इथे बेथोव्हन, मोझार्ट ऐकायला लोक येतात. त्या दिवशी मात्र सभागृह लहान पोरांनी भरलेलं. स्टेजवर बीबीसी फिलहार्मोनिक हा अख्खा वाद्यवृंद, त्याच्या जोडीला समूहगायक, वर मोठा पडदा आणि कार्यक्रमाचं मुख्य आकर्षण काय, तर टीव्ही मालिकेचं बॅकग्राउंड म्युझिक.

मालिका होती 'डॉक्टर हू'. निळ्या रंगाच्या पोलीस बॉक्समधून काळाच्या मागे-पुढे फिरणारा एक परग्रहवासी, अशी तिची साधी गोष्ट. १९६३ ला सुरू झालेली ही मालिका ब्रिटनमध्ये घराघरात बघितली जाते. २००८ चा प्रयोग एवढा गाजला की २०१०, २०१३ आणि २०२४ मध्येही 'डॉक्टर हू'चे प्रॉम झाले.

आता प्रश्न असा आहे, की जे संगीत घरी सोफ्यावर बसून फुकट ऐकायला मिळतं, ते ऐकायला लोक तिकीट काढून का जातात? तिथे नेमकं काय होतं? आणि शिरोड्याच्या माणसाला यात नवीन काय आहे? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर जरा अनपेक्षित आहे, पण क्रमाने जाऊ.

अवकाशात आवाजच नसतो, मग एवढी वाद्यं कशाला?

आवाज पसरायला हवा लागते. अवकाशात हवा नाही, त्यामुळे तिथे यान फुटलं तरी आवाज येणार नाही. विज्ञानकथा करणाऱ्यांपुढची पहिली अडचण हीच. पडद्यावर काळं आकाश, त्यात एक छोटंसं मॉडेल सरकतंय. ते मॉडेल हातभर लांबीचं आहे की दोन किलोमीटरचं, हे डोळ्यांना कळत नाही. ते कानांना सांगावं लागतं.

खाली जाड स्वरात डबल बास आणि ट्रॉम्बोन सुरू झाले की यान एकदम अजस्र वाटायला लागतं. वर व्हायोलिन्सनी एकच बारीक स्वर धरून ठेवला की पोकळी जाणवते. म्हणजे अवकाशाचं 'आकारमान' वाद्यवृंद तयार करतो.

ही युक्ती टीव्हीच्या आधीची आहे. गुस्ताव होल्स्ट या इंग्रज संगीतकाराने १९१४ ते १९१७ या काळात 'द प्लॅनेट्स' ही रचना केली. ग्रहांवरचे सात तुकडे. त्यातला मंगळाचा तुकडा पाच मात्रांच्या ठेक्यावर चालतो. आपला झपताल दहा मात्रांचा, दोन-तीन-दोन-तीन असा. म्हणजे पाच-पाचचे दोन भाग. आपल्याला हा पाचाचा हिशेब ओळखीचा आहे, पण चार मात्रांवर कवायत करणाऱ्या पाश्चात्त्य कानाला तो अस्वस्थ करतो. पुढच्या कितीतरी अवकाशयुद्धांच्या संगीतावर या मंगळाची सावली आहे. आणि गंमत म्हणजे हा होल्स्ट संस्कृत शिकला होता. ऋग्वेदातल्या सूक्तांना त्याने चाली लावल्या आणि महाभारतातल्या सावित्रीवर छोटा ऑपेरा लिहिला.

आपल्याशी नातं सांगणारं आणखी एक उदाहरण. 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' ही २००४ ते २००९ मध्ये चाललेली अमेरिकी मालिका. पृथ्वी शोधत निघालेल्या माणसांची गोष्ट. तिच्या शीर्षकसंगीतात चक्क गायत्री मंत्राचे शब्द आहेत. बेअर मॅक्रीरी या संगीतकाराने पुढे या मालिकेत आर्मेनियाचं डुडुक आणि जपानचे तायको ढोल वापरले आणि हे संगीत लाइव्हही सादर केलं.

जिने सूर घडवला, तिचं नाव पन्नास वर्षांनी आलं

'डॉक्टर हू'च्या शीर्षकसंगीताची गोष्ट माहीत असायलाच हवी, कारण लाइव्ह मैफलीची खरी मजा तिथून कळते.

१९६३ मध्ये रॉन ग्रेनर या संगीतकाराने धून कागदावर लिहून दिली. ती वाजवायची जबाबदारी बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमधल्या डेलिया डर्बिशायर या तरुणीकडे आली. तेव्हा आजच्यासारखे सिंथेसायझर नव्हते. तिने काय केलं? एक तार छेडून तिचा आवाज टेपवर घेतला. तपासणीसाठी वापरली जाणारी यंत्रं असतात, त्यांतून निघणारे साधे सूर घेतले. मग टेपचा वेग कमी-जास्त करून प्रत्येक सूर वेगळा तयार केला, टेप कापली, तुकडे एकाला एक चिकटवले. सगळे थर एकत्र करायला अनेक ट्रॅकचं मशीन नव्हतं, म्हणून वेगवेगळी टेप मशीन एकाच वेळी सुरू करून ते जुळवले. अख्खी धून हातांनी शिवलेल्या गोधडीसारखी तयार झाली.

ऐकल्यावर ग्रेनरला आपलीच धून ओळखू येईना. त्याला वाटलं, श्रेयात या बाईचाही वाटा हवा. पण वर्कशॉपच्या कर्मचाऱ्यांची नावं द्यायची नाहीत, हा तेव्हाचा बीबीसीचा शिरस्ता. डर्बिशायर २००१ मध्ये वारल्या. पडद्यावर त्यांचं नाव आलं २०१३ मध्ये, मालिकेच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या भागात.

अमेरिकेतही असंच काहीसं. १९६६ च्या मूळ 'स्टार ट्रेक'च्या शीर्षकात एक उंच, अधांतरी सूर ऐकू येतो. कित्येकांना तो एखाद्या यंत्राचा वाटतो. तो आहे लूली जीन नॉर्मन या गायिकेचा गळा. आणि यान पडद्यावरून 'सूंऽऽ' करत जातं ना, तो आवाज संगीतकार अलेक्झांडर करेज याने स्वतःच्या तोंडाने काढला होता! ८० च्या दशकात ही मालिका रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागायची. आपल्याकडे ती बघणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल, की ते यान म्हणजे एका माणसाची फुंकर आहे?

लाइव्ह मैफलीत नेमकं हेच उघडं पडतं. जे यंत्राचं वाटत होतं, ते माणसाचं निघतं. जे परग्रहावरचं वाटत होतं, ते तिसऱ्या रांगेतला चष्मेवाला माणूस झांजेवर गज ओढून काढतोय, हे दिसतं. जादू कशी केली हे समोर दिसत असतं आणि तरीही ती जादूच राहते. तिकीट या गोष्टीचं असतं.

या कहाणीत एक मुंबईकर आहे

'स्टार वॉर्स' हा सिनेमा १९७७ च्या मे महिन्यात आला. जॉन विल्यम्सने त्याला जुन्या पद्धतीचं, भरभक्कम वाद्यवृंदाचं संगीत दिलं होतं. तेव्हा प्रश्न असा होता, की सिनेमाचं हे संगीत 'गंभीर' वाद्यवृंदाने स्टेजवर वाजवावं का? बऱ्याच जाणकारांची नाकं मुरडलेली.

२० नोव्हेंबर १९७७ ला लॉस एंजेलिसच्या हॉलिवूड बोल या खुल्या रंगमंदिरात लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकने ते वाजवलं. समोर बॅटन घेऊन उभे होते झुबिन मेहता. १९३६ मध्ये मुंबईत जन्मलेले. त्यांचे वडील मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. झुबिन मेहतांनी हे संगीत पुढे रेकॉर्डही केलं. तो सिनेमा होता, मालिका नव्हे. पण एखाद्या नामांकित वाद्यवृंदाने अवकाशकथेचं संगीत स्टेजवर आणायचं, हा रस्ता तिथून रुंद झाला. पुढे 'स्टार ट्रेक'ला पन्नास वर्षं होत आली तेव्हा २०१५-१६ मध्ये तिच्या संगीताचा वाद्यवृंदासह दौरा निघाला.

शंभर माणसं एकाच क्षणी कशी वाजवतात?

आता तांत्रिक भाग. साध्या सिंफनीत कंडक्टर राजा असतो. त्याला वाटलं तर तो एखादी जागा जरा ओढून धरेल, एखादी पळवेल. पण मागे पडद्यावर दृश्य चालू असेल तर ही मोकळीक संपते. पडदा कुणासाठी थांबत नाही.

एक हिशेब करून बघा. समजा, संगीत मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत आहे. दोन मिनिटांचं दृश्य म्हणजे २४० ठोके. वाद्यवृंद थोडासाच ढिला पडला आणि लय ११८ झाली, तर तेच २४० ठोके संपायला १२२ सेकंद लागतील. कानाला फरक जाणवणारही नाही. पण पडद्यावर दरवाजा उघडून राक्षस बाहेर आलेला असेल आणि त्याची 'धडाम्' दोन सेकंदांनी वाजेल. भीती वाटायच्या ऐवजी लोक हसतील.

त्यासाठी दोन साधनं वापरतात.

पहिलं, 'क्लिक ट्रॅक'. कानात घातलेल्या इअरफोनमध्ये घड्याळासारखी टिकटिक. ती दृश्याच्या टाइमकोडला बांधलेली असते. कधी फक्त कंडक्टरच्या कानात, कधी सगळ्या वादकांच्या. गंमत अशी, की समोर बसलेल्या प्रेक्षकाला ती कधीच ऐकू येत नाही.

दुसरं, कंडक्टरसमोरचा छोटा पडदा. त्यावर दृश्य चालू असतं आणि महत्त्वाच्या जागेआधी एक उभी रेघ डावीकडून उजवीकडे सरकत येते. रेघ कडेला पोहोचली की पांढरा ठिपका चमकतो. तो चमकला त्या क्षणी ठोका पडला पाहिजे. हॉलिवूडच्या स्टुडिओत ही पद्धत अनेक दशकं वापरात आहे.

म्हणून अशा मैफलीत कंडक्टरकडे नीट बघा. तो एका डोळ्याने वादक आणि दुसऱ्या डोळ्याने रेघ बघत असतो. दिसायला राजा, पण काम सारथ्याचं.

२००८ च्या प्रॉममध्ये याच गोष्टीची छान थट्टा केली होती. त्या कार्यक्रमासाठी मुद्दाम चित्रित केलेल्या छोट्या भागात पडद्यावरचा डॉक्टर थेट सभागृहाशी बोलतो, आपल्या रचनेचे कागद पडद्यातून सभागृहात भिरकावतो आणि हातातल्या 'सॉनिक स्क्रूड्रायव्हर'ने समोरच्या खऱ्या वाद्यवृंदाचं संचालन करतो. म्हणजे रेकॉर्ड केलेला माणूस जिवंत माणसांना वाजवायला लावतोय. पोरं वेडी झाली नसती तरच नवल.

आता शिरोड्यात या

शिरोडा म्हणजे वि. स. खांडेकरांनी जिथे मास्तरकी केली ते गाव. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाचं गाव. आणि इथल्या पंचक्रोशीत कार्तिक सरला की जत्रा सुरू होतात. शिरोड्याची माऊली, शेजारी आरवलीचा वेतोबा. जत्रा म्हटली की खाजं, मालवणी खटखटे लाडू आणि रात्रभर दशावतार, म्हणजेच धयकालो.

दशावतारात काय काय असतं बघा. आकाशातून येणारे देव, रूप बदलणारे राक्षस, गुप्त होणारी पात्रं, अस्त्रांची युद्धं. हल्ली तर जाहिरातीतच 'ट्रिकसीनयुक्त नाट्यप्रयोग' असं ठळक लिहिलेलं असतं. धूर, दिवे, अधांतरी तरंगणारं पात्र, सगळं काही. म्हणजे अद्भुत कथा, स्पेशल इफेक्ट आणि सोबत जिवंत संगीत. लंडनच्या त्या मैफलीत जे होतं, त्याची जुळणी हीच आहे.

फरक संख्येत आहे. तिकडे शंभराच्या आसपास वादक. इकडे पेटी, मृदंग आणि झांज, संपलं. या तीन वाद्यांवर इंद्राचा दरबारही उभा राहतो आणि रणांगणही. आणि हे तिघं पडद्यामागे लपलेले नसतात. रंगमंचावरच बाजूला, सगळ्या गावाला दिसतील असे बसलेले असतात.

पण खरा फरक पुढे आहे. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आख्यान कुठलं हे ठरतं, कुणाची भूमिका कोणती हे ठरतं, पण संवाद नट तिथल्या तिथे रचतो. प्रेक्षक रंगले तर प्रसंग लांबतो, डुलक्या घ्यायला लागले तर आवरतो. अशा प्रयोगाला क्लिक ट्रॅक लावणार कसा? मृदंगवाला नटाच्या पायाकडे बघतो. पाय आपटला, ठोका पडला. नटाने श्वास घेतला की पेटी त्याचा सूर धरून तयार. नट थांबला की वाद्य थांबतं, आणि नट चुकला तर वाद्यच त्याला सावरून नेतं.

म्हणजे हिशेब सरळ उलटा आहे. लंडनमध्ये वादक चित्राच्या मागे जातात, कारण चित्राला कान नाहीत. शिरोड्यात नटाला कान आहेत. मृदंगाने हात उचलला की राक्षसाची उडी आणखी उंच जाते. दोघं एकमेकांना ऐकत असतात. जगातला महागातला महाग 'लाइव्ह टू पिक्चर' कार्यक्रम एवढी एक गोष्ट करू शकत नाही.

हे वाचून कुणी म्हणेल, मग आपलंच श्रेष्ठ. तसं नाही. शंभर जणांनी एका श्वासात वाजवलेल्या स्वराची ताकद तीन वाद्यांत येत नाही, आणि येण्याची गरजही नाही. सांगायचं एवढंच, की जो माणूस जत्रेत पहाटेपर्यंत मांडी घालून बसला आहे, त्याला असली मैफल परकी वाटायचं कारण नाही. अर्धं शिक्षण त्याचं झालेलं आहे.

खाडीपलीकडचे वादक

शिरोड्याहून रेडीच्या पुढे तेरेखोल ओलांडलं की गोवा. आपल्या सिनेमा-टीव्हीच्या वाद्यवृंदाची गोष्ट त्या बाजूने सुरू होते.

पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवली जायची. व्हायोलिन वाजवता येणारी, कागदावरचे सूर वाचता येणारी ही पोरं कामासाठी मुंबईला गेली. काही हॉटेलांतल्या बँडमध्ये, काही सिंफनीत आणि पुढे बरीचशी सिनेमाच्या स्टुडिओत. संगीतकार पेटीवर चाल ऐकवायचा. तिच्याभोवती व्हायोलिन्सनी काय वाजवायचं, ट्रम्पेट कुठे येणार, हे लिहून काढायचं काम संगीत संयोजकाचं. सेबास्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्यासाठी हे काम वर्षानुवर्षं केलं. त्या गाण्यांच्या सुरुवातीचे व्हायोलिनचे लोट आजही पाठ असतात. नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक.

माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये वेगळंच धाडस केलं. स्टुडिओत बंद असलेल्या वादकांना त्यांनी मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात लोकांसमोर बसवलं. भारतीय रागसंगीत आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांची सांगड घालणाऱ्या त्यांच्या रचना, आणि गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. पडद्यामागचा वाद्यवृंद पडद्यापुढे आला. गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या एका गाण्यात हे नाव अजरामर झालं. त्याच वर्षी तिकडे झुबिन मेहता 'स्टार वॉर्स' वाजवत होते. देशाला नाव पाठ झालं, पण ते एका खऱ्या माणसाचं आहे, हे कित्येकांना आजही माहीत नाही.

नव्वदीच्या दशकात सिंथेसायझर आणि सॅम्पलर स्वस्त झाले. चाळीस व्हायोलिन्सचं काम एका कीबोर्डवर भागायला लागलं. स्टुडिओत रोज भरणारे वादकांचे जथे हळूहळू पांगले. वाजवणारे होते, काम नव्हतं.

हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. 'डॉक्टर हू' २००५ मध्ये नव्याने सुरू झाली तेव्हा बजेट कमी होतं. मरे गोल्ड या संगीतकाराने पहिल्या सीझनचं वाद्यवृंदासारखं वाटणारं संगीत कॉम्प्युटरवरच्या नमुन्यांतून उभं केलं. मालिका चालली, पैसे आले आणि त्याच वर्षीच्या ख्रिसमसच्या भागापासून बीबीसी नॅशनल ऑर्केस्ट्रा ऑफ वेल्स प्रत्यक्ष वाजवायला लागला. पुढे २०१० पासूनचे प्रॉम याच वाद्यवृंदाने वाजवले. म्हणजे तिकडे कॉम्प्युटरकडून माणसांकडे प्रवास झाला. आपल्याकडे उलटा झाला. कारण साधं आहे. तिथे पगारावर ठेवलेला, सार्वजनिक पैशावर चालणारा वाद्यवृंद हाताशी होता. आपल्याकडचे वादक रोजंदारीवर होते.

फोनवर ऐकलं तर काय बिघडलं?

या मैफलींचे तुकडे तुमच्या फीडवर येतातच. ते बघायला हरकत नाही. पण काय सुटतं ते समजून घ्या.

चार तारांच्या डबल बासचा सगळ्यात खालचा सूर सुमारे ४१ हर्ट्झचा. म्हणजे सेकंदाला ४१ कंपनं. या ध्वनिलहरीची लांबी आठ मीटरच्या वर जाते, एखाद्या एसटी बसएवढी. फोनचा स्पीकर नखाएवढा. तो इतके खालचे सूर काढूच शकत नाही. मग आपल्याला फोनवर तो सूर ऐकू आल्यासारखा का वाटतो? कारण त्याच्या वरचे उपस्वर ऐकून मेंदू खालचा सूर ओळखून घेतो. कळतं, पण अंगाला लागत नाही. तबल्याची मैफल फोनवर ऐका. डग्ग्याचा घुमारा कुठे गेला, असं वाटतं ना? तेच हे.

सभागृहात हा खालचा सूर खुर्चीतून, छातीतून जाणवतो. शिवाय व्हायोलिन डावीकडून, तुतारीच्या जातीची वाद्यं मागून, ढोल कोपऱ्यातून, असा आवाज खरोखर वेगवेगळ्या जागांहून येतो. हेडफोन त्याची फक्त नक्कल करतो.

जायचं ठरवलंत तर

आपल्या जवळचा पूर्ण वेळचा सिंफनी वाद्यवृंद मुंबईत आहे. नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये २००६ मध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला. तिथल्या जमशेद भाभा थिएटरमध्ये सुमारे अकराशे जण बसतात. मुख्य कार्यक्रम शास्त्रीय संगीताचे असतात, पण वाद्यवृंद समोर बसून ऐकायची सवय तिथे लागते. होल्स्टचा मंगळ कधी लागला तर सोडू नका. गोव्याच्या बाजूला पणजीत कला अकादमीचा पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे, त्यांच्या कार्यक्रमांवर लक्ष ठेवा.

मालिकेच्या किंवा सिनेमाच्या संगीताचा कार्यक्रम कुठेही असला, तरी तिकीट काढण्याआधी आणि नंतर एवढं करा.

जाहिरात नीट वाचा. 'लाइव्ह टू पिक्चर' म्हणजे दृश्याबरोबर वाजवणार. 'म्युझिक ऑफ' अमुकतमुक असं असेल, तर निवडक धुना वाजवतील, पडदा असेलच असं नाही. 'ट्रिब्यूट' असेल, तर चार वादकही असू शकतात. वाद्यवृंदाचं नाव आणि वादकांची संख्या दिलेली नसेल, तर आयोजकांना विचारा. शंभर जणांच्या दराने चौघांना ऐकायची वेळ येऊ नये.

पहिली रांग पकडू नका. पुढून फक्त व्हायोलिनवाल्यांचे बूट दिसतात. जरा मागे, जरा वर बसलात तर मागचे ढोल, घंटा, पत्रे, सगळा कारखाना दिसतो. विज्ञानकथेच्या संगीतात खरी गंमत त्या मागच्या रांगेत असते. आवाजही एकजीव होऊन पोहोचतो.

वेळेआधी पोहोचा. सुरुवातीला ओबो नावाचं वाद्य एक सूर धरतं आणि बाकी सगळे त्याच्याशी आपलं वाद्य जुळवतात. आपल्याकडे तंबोरे लावतात तसंच. पडद्यावर अजून काही नसतं, तरी अंगावर काटा येतो.

टाळ्यांचं टेन्शन घेऊ नका. शास्त्रीय सिंफनीत दोन भागांच्या मधे टाळ्या वाजवायच्या नाहीत असा संकेत आहे. मालिकांच्या संगीताला तो लागू नाही. आवडती धून सुरू झाली की लोक आरडाओरडा करतात, काही जण पात्रांचे कपडे घालून येतात. पोरांना बिनधास्त न्या.

फोन खिशात ठेवा. अंधारात पेटलेला पडदा मागच्याला त्रास देतोच, पण तुमचंही नुकसान आहे. त्या स्पीकरमधून उद्या काय ऐकू येणार, ते वर सांगितलंच आहे.

एक प्रसंग पडद्याकडे न बघता ऐका. हे अवघड आहे, डोळे आपोआप वर जातात. पण एकदा ठरवून फक्त वादकांकडे बघा. मंगळावरचं वादळ कुणाच्या मनगटातून येतंय, ते शोधा.

आणि मुंबई-गोवा जमणार नसेल, तर यंदाच्या जत्रेत नटाकडे न बघता अर्धा तास मृदंगवाल्याकडे बघा. त्याची नजर कुठे आहे, हात कधी थांबतो, राक्षस यायच्या आधी त्याला कसं कळतं. तिकीट नाही, रांग नाही.

शेवटची दोन मिनिटं

लाइव्ह मैफल संपते तेव्हा एक साधी गोष्ट होते. टाळ्या चालू असताना कंडक्टर एकेका वादकाकडे, एकेका विभागाकडे हात करतो. आधी ट्रम्पेटवाली उभी राहते, मग बासरीवाला, मग मागचे ढोलवाले. प्रत्येकाच्या वाट्याच्या टाळ्या वेगळ्या. डेलिया डर्बिशायरला हे पन्नास वर्षं मिळालं नाही. स्टुडिओतल्या कितीतरी गोवेकर वादकांना कधीच मिळालं नाही.

आपल्या हातात काय आहे? २०१७ पासून नेटफ्लिक्सवर सुरुवातीचं शीर्षकसंगीत ओलांडून जायचं बटण आलंय आणि शेवटची नावं सुरू झाली की पुढचा भाग आपोआप लागतो. या दोन ठिकाणीच संगीतकाराला मोकळं रान मिळतं, आणि तीच आपण उडवतो. पुढची मालिका बघाल तेव्हा दोन्ही बटणांवरून बोट बाजूला ठेवा. शीर्षकसंगीत पूर्ण ऐका, शेवटची नावं वाचा. आणि जत्रेहून घरी जाताना पेटी कोण वाजवत होतं, एवढं मंडळातल्या कुणाला तरी विचारा.